संवेग, आवेग आणि टक्कर : ऐरणीपासून रस्त्यापर्यंत

लोखंड तापवून त्यावर घाव घालणे आणि त्याच लोखंडाची वाहने करून ती रस्त्यावर धावती करणे, ही दोन्ही कामे पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात शेजारी-शेजारी चालतात. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्यानंतर या माळरानाचे रूप झपाट्याने पालटले. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आणि बजाज ऑटो यांच्यासारख्या वाहन कारखान्यांभोवती सुटे भाग बनविणाऱ्या शेकडो लहान-मोठ्या कार्यशाळा उभ्या राहिल्या. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. पुढे खेड तालुक्यातील चाकण आणि आसपासच्या गावांपर्यंत हा पट्टा पसरला. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा, तर २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने चाकण परिसरात सुरू झाले.

या पट्ट्यात पाळी सुटण्याच्या वेळी हजारो दुचाकी, कामगारांच्या बसगाड्या, कंटेनर, ट्रक आणि शेतमालाचे ट्रॅक्टर एकाच रस्त्यावर येतात. पदार्थविज्ञानाच्या शालेय पुस्तकातील संवेग, आवेग आणि टक्कर हे प्रकरण येथे केवळ परीक्षेपुरते उरत नाही. कारखान्यातील घणाखाली लोखंडाला आकार देणारा नियम आणि रस्त्यावरील अपघातात माणसाचे हाड मोडणारा नियम एकच आहे. तो नीट समजला, तर हेल्मेट, सीटबेल्ट, वेगमर्यादा, रस्त्याकडेचे कठडे या गोष्टींमागील कारण समजते. आणि कारण समजलेला नियम पाळणे व पाळायला लावणे सोपे जाते.

संवेग म्हणजे काय?

गतिमान वस्तू थांबविणे किती कठीण आहे, हे दोन गोष्टींवर ठरते : वस्तूचे वस्तुमान आणि तिचा वेग. या दोहोंचा गुणाकार म्हणजे संवेग होय. वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि वेग दर सेकंदाला किती मीटर, असा मोजला, तर संवेगाचे एकक किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद असे येते. ताशी किलोमीटरमधील वेगाला ३.६ ने भागले, की सेकंदाला किती मीटर हे मिळते. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, हे प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे.

काही उदाहरणे घेऊ. सायकल आणि तिच्यावरील स्वार यांचे एकत्रित वस्तुमान ८० किलोग्रॅम आणि वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, असेल तर संवेग ४०० होतो. मोटारसायकल व स्वार मिळून २०० किलोग्रॅम आणि वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, असेल तर संवेग ३,००० होतो. माल भरलेला १६,००० किलोग्रॅमचा ट्रक त्या सायकलीच्याच संथ चालीने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने, जात असला, तरी त्याचा संवेग ८०,००० भरतो. हा संवेग सायकलीच्या दोनशे पट आणि भरधाव मोटारसायकलीच्या सुमारे सत्तावीस पट आहे. ‘ट्रक हळूच चालला होता’ या शब्दांनी पाहणाऱ्याची फसगत होते, ती यामुळेच. हळू चालणारी जड वस्तूही थांबविण्यास तितकीच अवघड असते.

संवेगाला दिशाही असते. समोरासमोर येणाऱ्या दोन वाहनांपैकी एकाचा संवेग धन मानला, तर दुसऱ्याचा ऋण मानावा लागतो. टक्करीचे गणित करताना विद्यार्थ्यांची चूक बहुधा याच ठिकाणी होते.

आवेग : बल आणि वेळ यांचा हिशेब

सर आयझॅक न्यूटन यांनी १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात गतीचा दुसरा नियम मांडताना ‘गतीच्या राशीतील बदल’ असा शब्दप्रयोग केला होता. ही गतीची राशी म्हणजेच आजचा संवेग. लावलेले बल आणि ते जितका वेळ लागू राहिले तो वेळ, यांचा गुणाकार म्हणजे आवेग. आणि आवेग हा नेहमी संवेगातील बदलाएवढाच असतो. यावरून असे सूत्र मिळते :

सरासरी बल = संवेगातील बदल ÷ त्यास लागलेला वेळ

या सूत्रातील भागाकाराकडे बारकाईने पाहिले पाहिजे. वाहनावर बसलेल्या ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाचा वेग सेकंदाला १५ मीटर असेल, तर त्याचा संवेग ९०० आहे. तो माणूस स्थिर होणार असेल, तर हे सगळेच्या सगळे ९०० शून्यावर यावे लागतात. ते ब्रेकने येवोत, वाळूच्या ढिगात येवोत किंवा दगडी भिंतीवर येवोत. त्यात सूट नाही. बदलू शकतो तो केवळ वेळ. हा संवेग सेकंदाच्या शंभराव्या भागात नाहीसा झाला, तर त्या माणसावर सरासरी ९०,००० न्यूटन बल येते. हे बल त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे दीडशे पट आहे. तोच संवेग सेकंदाच्या दहाव्या भागात गेला, तर बल ९,००० न्यूटन, म्हणजे वजनाच्या सुमारे पंधरा पट येते. पहिल्या प्रसंगी जगण्याची आशा जवळपास नसते. दुसऱ्या प्रसंगी हे बल शरीराच्या मजबूत भागांवर विभागले गेले, तर माणूस वाचू शकतो. या दोहोंतील फरक सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी आहे. डोळ्याची पापणी लवण्यास याहून अधिक वेळ लागतो.

हे तत्त्व महाराष्ट्रातील तालमींना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कुस्तीच्या हौद्यातील लाल माती रोज खोदून, उकरून भुसभुशीत केली जाते. पाठीवर आपटलेल्या मल्लाचा संवेग मातीत रुतताना जरा सावकाश ओसरतो. तीच माती टणक झाली, तर तेवढ्याच उंचीवरून पडणारा तोच मल्ल जायबंदी होईल. गाडीतून फेकलेले पोते झेलणारा हमाल हात व कंबर मागे घेत झेलतो आणि उंचावरून उडी मारणारा मुलगा गुडघे वाकवून जमिनीवर येतो. या सर्वांनी सूत्र वाचलेले नसते. त्यांच्या शरीराला मात्र ते समजलेले असते.

ऐरण आणि घण

आता कारखान्यात जाऊ. क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, गिअरची चाके यांसारखे भाग अनेकदा फोर्जिंगने, म्हणजे तापलेल्या पोलादावर घाव घालून किंवा दाब देऊन, बनवितात. येथे हेतू मल्लाच्या उलट असतो. बल शक्य तितके मोठे हवे असते, म्हणून संवेग अत्यल्प वेळात खर्च करायचा असतो.

समजा, २,००० किलोग्रॅमचा घण सव्वा मीटर उंचीवरून पडला. खाली पोहोचताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर आणि संवेग सुमारे १०,००० होतो. लालभडक पोलादात तो २ सेंटिमीटर रुतून थांबला, तर त्यास सेकंदाचे केवळ आठ सहस्रांश एवढा वेळ लागतो. सरासरी बल साडेबारा लाख न्यूटन, म्हणजे जवळजवळ १२७ टन वजनाएवढे होते. दोन टनांचा घण सव्वाशे टनांचे काम करतो, तो असा. पोलाद निवून कठीण झाले आणि घण २ मिलिमीटरच रुतला, तर बल त्याच्या दहापट वाढते. त्यामुळे साच्यांना तडे जाण्याचा धोका निर्माण होतो. लोखंड तापलेले असतानाच घाव घालावा, या लोहाराच्या जुन्या शहाणपणात हाही हिशेब आहे.

ऐरण घणापेक्षा कितीतरी जड का असते, याचेही उत्तर संवेगात आहे. घणाच्या वीस पट वस्तुमानाची ऐरण असेल आणि घाव घातल्यावर दोन्ही क्षणभर एकत्र सरकली असे मानले, तर त्यांचा एकत्रित वेग घणाच्या मूळ वेगाच्या एकविसाव्या भागाएवढाच उरतो. गणित केल्यास असे दिसते, की घणाच्या गतिज ऊर्जेपैकी पाच टक्क्यांच्या आतबाहेर ऊर्जा ऐरणीला हलविण्यात जाते आणि उरलेली सुमारे पंचाण्णव टक्के लोखंडाला आकार देण्यात खर्च होते. हलक्या ऐरणीवर घाव घातला, तर ऐरण उडेल आणि लोखंड तसेच राहील. गावातील लोहाराची लहानशी ऐरण जाड ओंडक्यात पक्की रोवलेली असते, ती याचसाठी.

दोन वाहनांची टक्कर

टक्करीचे नियम शोधण्याचे काम युरोपात सतराव्या शतकात झाले. १६६८ च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीने हा प्रश्न विद्वानांपुढे ठेवला. जॉन वॉलिस, ख्रिस्तोफर रेन आणि ख्रिस्तियान हायगेन्स यांनी आपापली उत्तरे पाठविली. त्यांतून आणि पुढे न्यूटन यांच्या कार्यातून संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत स्पष्ट झाला. दोन वस्तूंवर बाहेरचे बल लागू नसेल, तर टक्करीपूर्वीचा त्यांचा एकूण संवेग आणि टक्करीनंतरचा एकूण संवेग समान असतो. रस्त्यावर घर्षणाचे बल असतेच. परंतु टक्कर इतक्या थोड्या वेळात आटोपते, की तेवढ्या वेळातील घर्षणाचा आवेग टक्करीच्या मानाने नगण्य ठरतो.

समजा, ९,००० किलोग्रॅमचा ट्रक आणि १,००० किलोग्रॅमची मोटार प्रत्येकी ताशी ३६ किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळून एकमेकांत अडकली. ट्रकचा संवेग अधिक ९०,०००, मोटारीचा उणे १०,०००; बेरीज ८०,०००. दोहोंचे वस्तुमान १०,००० किलोग्रॅम असल्याने टक्करीनंतर दोन्ही वाहने सेकंदाला ८ मीटर वेगाने ट्रकच्याच दिशेने सरकतील. ट्रकचा वेग १० वरून ८ वर आला. त्यातील बदल फक्त २. मोटारीचा वेग एका दिशेच्या १० वरून उलट दिशेच्या ८ वर गेला. त्यातील बदल १८. ट्रकने मोटारीवर लावलेले बल आणि मोटारीने ट्रकवर लावलेले बल तंतोतंत समान असते, हा न्यूटनचा तिसरा नियम. परंतु त्याच बलाने मोटारीतील माणसांच्या वेगात नऊपट अधिक बदल होतो. ट्रकचालक हादरून खाली उतरतो आणि मोटारीतील कुटुंब मृत्युमुखी पडते, या नेहमीच्या बातमीमागे हे गणित आहे.

संवेग कायम राहतो, पण गतिज ऊर्जा राहत नाही. वरील उदाहरणात टक्करीपूर्वी ती ५ लाख ज्यूल होती. नंतर ३ लाख २० हजार उरली. उरलेली १ लाख ८० हजार ज्यूल ऊर्जा पत्रा चेमटण्यात, उष्णतेत आणि आवाजात गेली. अशा टक्करीस अस्थितिस्थापक टक्कर म्हणतात. कॅरमच्या सोंगट्यांची किंवा काचेच्या गोट्यांची टक्कर बरीचशी स्थितिस्थापक असते. तेथे थोडीच ऊर्जा वाया जाते. येथे एक शंका विचारली जाते : मोटार भिंतीवर आदळून जागीच थांबली, तर संवेग कोठे गेला? तो भिंतीमार्फत पृथ्वीला मिळाला. पृथ्वीचे वस्तुमान एवढे प्रचंड आहे, की तिच्या वेगातील फरक मोजता येत नाही.

चेमटणारी मोटार

जुन्या पिढीत ‘गाडी कशी, रणगाड्यासारखी मजबूत हवी’ असे मानले जाई. संवेगाचा हिशेब याच्या उलट सांगतो. बेला बारेनी या डायमलर-बेंझमधील अभियंत्याने १९५१ मध्ये पेटंटसाठी मांडलेली कल्पना अशी होती, की माणसे बसतात तो मधला भाग भक्कम असावा आणि पुढचा व मागचा भाग ठरवून चेमटणारा असावा. १९५९ मध्ये ही रचना प्रत्यक्ष मोटारीत आली आणि आज जगभर रूढ आहे.

ताशी ६४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १७.८ मीटर वेगाने आदळणाऱ्या मोटारीचा पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेमटला, तर मधला भाग थांबण्यास सेकंदाचे सुमारे ६७ सहस्रांश लागतात. त्यातील माणसांवर सरासरी त्यांच्या वजनाच्या सत्तावीस पट बल येते. हाच भाग ताठ असून १० सेंटिमीटरच दबला, तर वेळ ११ सहस्रांशांवर येतो आणि बल वजनाच्या एकशे साठ पटींच्या वर जाते. अपघातानंतर पुढून चेमटलेली मोटार पाहून ‘पत्रा किती हलका’ असे म्हणण्यापूर्वी मधला भाग शाबूत आहे किंवा नाही, हे पाहिले पाहिजे.

ही गोष्ट अंदाजावर सोडलेली नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांच्या चाचण्या व प्रमाणीकरणाचे काम करते. तिचे एक केंद्र चाकण येथेही आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून देशात ‘भारत एनकॅप’ ही मोटारींना सुरक्षिततेचे तारे देणारी योजना लागू झाली. तीत मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने अॅल्युमिनियमच्या मधपोळ्यासारख्या दबणाऱ्या अडथळ्यावर आदळवितात. त्या वेळी मोटारीच्या रुंदीचा केवळ चाळीस टक्के भाग अडथळ्यास भिडतो. आत बसविलेल्या पुतळ्यांच्या डोक्यात, छातीत व पायांत मोजमापाची साधने असतात.

सीटबेल्ट आणि मांडीवरील मूल

प्रत्येक अपघातात खरे तर तीन टक्करी होतात. पहिली वाहनाची अडथळ्याशी, दुसरी माणसाची वाहनाच्या आतील भागाशी आणि तिसरी मेंदू, यकृत, हृदय या अवयवांची शरीराच्या आतील भिंतींशी. मोटार थांबली, तरी सीटबेल्ट नसलेला माणूस जडत्वामुळे मूळ वेगानेच पुढे जात राहतो. मोटार चेमटून मिळालेल्या वेळाचा त्याला काहीच लाभ होत नाही. तो समोरच्या कठीण भागावर आदळतो, तेव्हा त्याचा संपूर्ण संवेग क्षणार्धात नाहीसा होतो. सीटबेल्ट माणसाला मोटारीशी जोडतो आणि मोटारीला मिळालेला वेळ त्यालाही मिळवून देतो. शिवाय हे बल खांदा, छाती व कंबरेची हाडे यांवर विभागले जाते. खांदा व कंबर दोन्ही धरणारा आजचा तीन टोकांचा पट्टा निल्स बोलिन या व्होल्व्हो कंपनीतील अभियंत्याने १९५९ मध्ये तयार केला. एअरबॅग हा त्याला पूरक आहे, पर्याय नव्हे.

मागे बसणाऱ्यांस पट्ट्याची गरज नाही, हा समज सर्वत्र आढळतो. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात सीटबेल्ट न लावलेल्या १६,७१५ व्यक्ती अपघातांत मृत्यू पावल्या. त्यांपैकी ८,३३१, म्हणजे जवळजवळ निम्म्या, चालक नव्हे तर प्रवासी होत्या. मागचा माणूस पट्ट्याविना असेल, तर तो पुढच्या आसनावरील माणसावरही आदळतो.

याहून गंभीर समज मांडीवरील मुलाबाबत आहे. १० किलोग्रॅमचे मूल आईच्या मांडीवर आहे आणि मोटार ताशी ५४ किलोमीटर वेगावरून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, असे समजा. मुलाचा संवेग १५०. त्यास धरून ठेवण्यास लागणारे बल १,५०० न्यूटन. याचा अर्थ, आईने त्या क्षणी दीडशे किलो वजन हातांत पेलले पाहिजे. हे कोणत्याही माणसाच्या हातांना शक्य नाही. यात मायेचा कमीपणा नाही; बलाचा आकडाच तेवढा मोठा आहे. लहान मुलासाठी वेगळे बालआसन व पट्टा लागतो, तो या कारणाने.

हेल्मेट : अडीच सेंटिमीटरचा प्रश्न

औद्योगिक पट्ट्यातील कामगाराचे मुख्य वाहन दुचाकी आहे. दुचाकीला चेमटणारा पुढचा भाग नाही आणि पट्टाही नाही. स्वाराच्या डोक्याभोवतीचा थर्माकोलचा थर हाच त्याचा चेमटणारा भाग होय.

माणसाच्या डोक्याचे वस्तुमान सुमारे ५ किलोग्रॅम असते. उभ्या माणसाच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे १.८ मीटरवरून खाली आलेले डोके सेकंदाला जवळजवळ ६ मीटर वेगाने रस्त्यावर आपटते. त्याचा संवेग ३०. हेल्मेटचा आतील थर अडीच सेंटिमीटर दबला, तर डोके थांबण्यास सेकंदाचे आठ सहस्रांश मिळतात आणि सरासरी बल ३,६०० न्यूटन येते. हेल्मेट नसेल आणि कातडी व हाड मिळून अडीच मिलिमीटरच दबले, तर बल दहापट, म्हणजे ३६,००० न्यूटन होते. हा हिशेब स्थूल आहे; परंतु त्यातील प्रमाण खरे आहे. वाहन उभे असताना किंवा अगदी हळू चालले असताना झालेले पडणेही प्राणघातक ठरू शकते, हे यावरून कळते. ‘कंपनी जवळच आहे’ हे हेल्मेट न घालण्याचे कारण होऊ शकत नाही.

यातून तीन व्यावहारिक गोष्टी निघतात. एक, बाहेरचे कवच कितीही चकचकीत असले, तरी आतील थर पातळ असेल तर हेल्मेट निरुपयोगी आहे. १ जून २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकण्यास मनाई आहे. दोन, हनुवटीखालचा पट्टा बांधलेला नसेल, तर पहिल्याच धक्क्यात हेल्मेट निघून जाते. तीन, एकदा जोराचा आघात सोसलेल्या हेल्मेटचा थर दबून गेलेला असतो; वरून तडा दिसत नसला, तरी ते बदलले पाहिजे.

२०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ व्यक्ती मृत्यू पावल्या. त्यांत १४,३३७ मागे बसलेल्या होत्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येक दुचाकीस्वारास, मागे बसणाऱ्यासही, हेल्मेट आवश्यक आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलास दुचाकीवरून नेताना हेल्मेट व सुरक्षापट्टा लावावा आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, असा नियम २०२३ पासून लागू आहे.

वेग दुप्पट, अंतर चौपट

वेग दुप्पट झाला, की संवेग दुप्पट होतो. गतिज ऊर्जा मात्र चौपट होते. ब्रेकचे बल तेवढेच असेल, तर थांबण्यास दुप्पट वेळ आणि चौपट अंतर लागते. ब्रेकमुळे दर सेकंदाला वेग ५ मीटर प्रति सेकंदाने कमी होतो असे धरले, तर ताशी ३६ किलोमीटर वेगाचे वाहन ब्रेक लागल्यावर १० मीटरमध्ये थांबते. ताशी ७२ किलोमीटरचे ४० मीटर घेते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर पहिल्या वाहनाचे आणखी १० आणि दुसऱ्याचे आणखी २० मीटर अंतर जाते. एकूण २० मीटरच्या जागी ६० मीटर. शाळा, बाजार आणि कारखान्याचे फाटक यांच्यासमोर वेगमर्यादा कमी ठेवण्याचे समर्थन या दोन आकड्यांत आहे. क्षमतेपेक्षा अधिक माल भरलेल्या ट्रकचा संवेग वाढतो. ब्रेकची शक्ती मात्र वाढत नाही.

रस्त्याची कड आणि ग्रामपंचायत

वेळ मिळवून देण्याचे काम वाहनाप्रमाणे रस्ताही करू शकतो. वाकणारा लोखंडी कठडा वाहनाला आपल्या अंगावर घासत नेऊन हळूहळू थांबवितो. ताठ दगडी खांब ते क्षणात थांबवितो. म्हणून वळणावरील उघडे खांब, संरक्षण नसलेली पुलाची टोके, रस्त्यालगतचे काँक्रीटचे ठोकळे यांची पाहणी होणे आवश्यक आहे. उघड्या टोकांपुढे वाळूचे पिंप ठेवण्याची पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे.

रस्त्याकडेला रात्री दिव्यांविना उभा असलेला ट्रक हा आणखी एक धोका होय. मोटार मागून त्यावर आदळली आणि ट्रकच्या मागील बाजूस खाली आडवा मजबूत संरक्षक दांडा नसला, तर मोटारीचा चेमटणारा भाग ट्रकखाली शिरतो आणि पहिला आघात थेट माणसांच्या डोक्याच्या पातळीवर होतो. सर्व सुरक्षा-रचना तेथे व्यर्थ ठरते. औद्योगिक वसाहतीलगतच्या ग्रामपंचायतींनी ट्रकतळाच्या जागेची मागणी लावून धरणे, उभ्या वाहनांवर परावर्तक पट्ट्या आहेत किंवा नाहीत याकडे पोलीस व परिवहन अधिकाऱ्यांचे लक्ष वेधणे आणि अपघाताच्या जागांची नोंद ठेवणे, ही कामे खर्चाची नाहीत.

वर्गात करता येण्याजोगे प्रयोग

शिक्षकांना या प्रकरणासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. पन्हळ असलेल्या पट्टीवर पाच सारख्या गोट्या एकमेकींना टेकवून ठेवाव्यात. एका बाजूने एक गोटी आदळविली, की दुसऱ्या टोकाची एकच गोटी निघते. दोन आदळविल्या, की दोन निघतात. संवेगाची अक्षय्यता मुलांच्या डोळ्यांना दिसते.

दुसऱ्या प्रयोगासाठी मातीच्या दोन सारख्या पणत्या घ्याव्यात. एकाच उंचीवरून एक फरशीवर आणि दुसरी कोरड्या वाळूच्या जाड थरावर सोडावी. दोहोंचा संवेग समान असूनही फरशीवरील पणती फुटते. ‘दोघींत काय वेगळे होते?’ हा प्रश्न शिक्षकांनी विचारावा आणि ‘वेळ’ हे उत्तर मुलांकडूनच येऊ द्यावे.

तिसऱ्या प्रयोगात चाकाच्या खेळण्यावर मातीची बाहुली ठेवून उतारावरून ते विटेवर आदळू द्यावे. मग बाहुलीला कापडी पट्टीने बांधून तोच प्रयोग करावा. शेवटी खेळण्यापुढे कागदाची दुमडलेली घडी चिकटवून पाहावे. तीन वेळी बाहुलीचे काय झाले, ते मुलांनी वहीत लिहावे. हा तास संपल्यावर मुले घरी जाऊन वडिलांना हेल्मेटचा पट्टा बांधण्यास सांगतील, तर प्रकरण खऱ्या अर्थाने शिकविले गेले असे म्हणता येईल.

निसर्गाच्या या नियमात कोणाला सवलत नाही. धावत्या वाहनाचा संवेग थांबताना कोठेतरी द्यावाच लागतो. तो किती असावा, हे चालकाच्या वेगावर अवलंबून आहे. तो किती वेळात द्यावा, हे मोटार बनविणारा अभियंता, रस्ता बांधणारे खाते, गावाची पंचायत आणि प्रत्येक स्वार यांच्या हाती आहे. सेकंदाचे काही सहस्रांश अधिक मिळाले, तरी माणूस घरी परततो. तेवढा वेळ त्यास मिळवून देणे हे त्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.